माधवी पारेख यांच्या वाटेनं चित्रं शिकताना

शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षासुद्धा मी दिलेल्या नाहीत. तासगावजवळच्या आमच्या गावात चित्रकलेचा तास वेळापत्रकात असायचा पण त्या तासाला गणितच व्हायचं. त्यामुळे आता जे काही शिकतेय ते सगळं डोंबिवलीच्या घरात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि एका चित्रकार बाईंचं आयुष्य समोर ठेवून. त्या म्हणजे माधवी पारेख. क्लास कुठला लावलास, रंग कुठले वापरतेस, ते काचेसारखं चित्र कसं करतेस असं बऱ्याच मैत्रिणी विचारतात, प्रत्येकीला फोनवर सांगणं होत नाही म्हणून एकदा नीट लिहून काढतेय.

त्यांचं नाव मला २०२३ च्या एप्रिलपर्यंत माहीत नव्हतं. तेव्हा वरळीला त्यांच्या आणि त्यांचे पती मनू पारेख यांच्या चित्रांवरून केलेल्या भरतकामाचं प्रदर्शन लागलं होतं, माझी मुलगी टेक्स्टाइल डिझाइन शिकते, तिला बघायचं होतं, मी सोबत गेले. हे भरतकाम आधी २०२२ च्या जानेवारीत पॅरिसला डिओरच्या फॅशन शोमध्ये भिंतीभर लावलं होतं आणि ते केलं होतं इथल्याच, मुंबईतल्या चाणक्य संस्थेच्या कारागिरांनी. मुलगी टाके बघत होती, कुठला टाका कुठे घातलाय ते मला दाखवत होती, आणि मी बघत होते त्या चित्रातली माणसं. मधोमध एक मोठी आकृती, देवी म्हणा नाहीतर कुठलातरी अचाट प्राणी म्हणा, डोळे हे एवढे, आणि तिच्या अंगाखांद्यावर, पोटात, आजूबाजूला बारकी बारकी माणसं, साप, पक्षी, जनावरं, कडेनं बॉर्डर. सगळं ठिपक्यांनी आणि रेघांनी भरलेलं. माझ्या मनात पहिलं आलं ते आमच्या आजीचं चैत्रांगण. चैत्रगौरीच्या महिन्यात अंगण सारवून त्यावर रांगोळीनं गौरीचा पाळणा, तुळशीवृंदावन, कासव, हत्ती, शंख-चक्र, सूर्य-चंद्र, नाग, गोपद्म असं सगळं एका चौकटीत काढायची ती, आणि मी तिच्या शेजारी उकिडवी बसून रेघा ओढायची. मी मुलीला म्हटलं, या बाई कुठे शिकल्या असतील गं? ती फोनमध्ये बघून म्हणाली, आई, कुठेच नाही.

मग घरी येऊन मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. जन्म १९४२ चा, गुजरातमधलं संजया नावाचं खेडं. वडील शाळामास्तर, गांधीजींना मानणारे. घरात रांगोळी, भरतकाम, सणवार, गावात येणारे खेळ करणारे, गोष्टी सांगणारे, हेच काय ते बघितलेलं. पंधराव्या वर्षी लग्न. मनू पारेख जे.जे.मध्ये शिकलेले चित्रकार, पण माधवीबाईंनी लग्नानंतर काही वर्षं ब्रश हातात धरला नव्हता. १९६४ मध्ये पहिल्या मुलीच्या वेळी दिवस गेलेले असताना त्यांना वाटायला लागलं की आपणही काढावं, आणि तेव्हा मनूंनी त्यांना पॉल क्ले या चित्रकाराच्या ‘पेडॅगॉजिकल स्केचबुक’मधले व्यायाम करायला दिले. ठिपका, रेघ, गोल, त्रिकोण, चौकोन. निसर्गचित्र काढ, समोरचा तांब्या काढ, माणसाचं नाक असं काढ, यातलं काही सांगितलं नाही. मला तर वाटतं, त्यांना मिळालेलं सगळ्यात मोलाचं शिक्षण हेच, की सरावाला एक शिस्त दिली आणि पुढे काय काढायचं ते त्यांच्यावर सोडलं. त्यांनी काढलं काय, तर संजया. नंतर त्या कोलकात्यात राहिल्या, दिल्लीत राहिल्या, कोलकात्याच्या काली-दुर्गा त्यांच्या चित्रात आल्या, पण गाव काही गेलं नाही.

हे वाचून मी ठरवलं की आपणही तेच व्यायाम करायचे. पुस्तक मूळ जर्मन, १९२५ चं, क्ले जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत शिकवायचा तेव्हाचं. इंग्रजी प्रत मुलीनं मिळवून दिली. पातळसं पुस्तक आहे, मजकूर मला अर्धा कळला अर्धा नाही, पण आकृत्या बघून काम चालतं. सुरुवात अशी की रेघ नुसती मोकळी फिरू द्यायची, कुठे पोचायचं नाही. मग तीच रेघ, तिच्या जोडीनं तिच्याभोवती घोटाळणारी दुसरी रेघ. मग रेघ ठरलेल्या ठिकाणांमधून घाईनं जाणारी. मग रेघ फिरून स्वतःला येऊन मिळते आणि आत जागा तयार होते, तिथून पुढे रेघेपेक्षा ती जागाच जास्त दिसायला लागते. पुढे तोल, वजन, बाण असं बरंच आहे. ह्यांच्या ऑफिसमधले पाठकोरे कागद घरात गठ्ठ्यांनी होते, रात्री भांडी-ओटा आवरला की मी त्यावर बसायचे. साधं बॉलपेन. पेन्सिल मुद्दाम नाही घेतली, कारण पेन्सिल असली की खोडरबर येतं आणि खोडरबर आलं की हात बिचकतो.

पहिले काही आठवडे त्यातून चित्र असं काही होत नाही, हे ज्यांना करायचंय त्यांनी आधीच लक्षात ठेवा. नुसत्या रेघा. सासूबाई रोज बघायच्या, काही बोलायच्या नाहीत. एकदा मी ठिपके मांडून त्यातून रेघ काढत होते तर म्हणाल्या, "अगं ही तर ठिपक्यांचीच रांगोळी की, मग कागदाला भोकं पाडून घे." आमच्याकडे वर्तमानपत्राला उदबत्तीनं भोकं पाडून रांगोळीचा कागद करायची पद्धत, ठिपके सारख्या अंतरावर पडतात. मी खरंच तसा कागद केला आणि त्यातून क्लेचे व्यायाम केले, आणि तिथे माझा हात सुटला. म्हणजे असं की लहानपणापासून जे हाताला येतच होतं, रांगोळी, वाकळेचा धावदोरा, हादग्याचा हत्ती, नागपंचमीला पाटावर काढलेले नाग, ते सगळं एकदम वर आलं. मी वाकळेच्या टाक्यांसारख्या तुटक रेघांनी जागा भरायला लागले. आधी कडेनं एक फेरी, मग तिच्या आत एक, मग आत आत करत मध्यापर्यंत. माधवीबाईंच्या चित्रात ते ठिपके आणि बॉर्डरी भरतकामातून आल्यात हे तेव्हा मला हातानं कळलं, आधी नुसतं डोळ्यानं कळलं होतं.

इथे जरा विषय सोडून एक गोष्ट सांगायचीय कारण ती वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. सुनयनी देवी म्हणून बंगालमधल्या चित्रकार होत्या, १८७५ ते १९६२, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोरांची बहीण. भाऊ एवढे मोठे चित्रकार पण हिला कुणी बसवून शिकवलं नाही, बाराव्या वर्षी लग्न झालं, आणि तिशीच्या आसपास घरातच, माणसांच्या राबत्यात बसून चित्रं काढायला लागली. १९२२ च्या डिसेंबरमध्ये कलकत्त्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टचं प्रदर्शन झालं त्यात बाउहाउसच्या चित्रकारांची कामं जर्मनीहून आली होती, कँडिन्स्की आणि पॉल क्ले सुद्धा, आणि त्याच प्रदर्शनात सुनयनी देवींची चित्रं होती. म्हणजे बघा, घरी बसून शिकलेली एक बाई आणि क्ले एकाच प्रदर्शनात, आणि साधारण चाळीस वर्षांनी त्याच क्लेचं पुस्तक घरी बसून शिकणाऱ्या दुसऱ्या बाईच्या हातात. हे कुणी जुळवून आणलेलं नाही, तरी मला ते फार आपलं वाटतं.

तर पुढे. रेघांनंतर रंग. पोस्टर कलर घेतले, जाड कार्ट्रिज पेपर घेतला. रंगाच्या बाबतीत मी माधवीबाईंच्या चित्रांचे फोटो समोर ठेवून बसायचे पण नक्कल करायला नाही, फक्त बघायला की एवढ्या गर्दीत डोळा अडकत कसा नाही. त्याचं उत्तर असं सापडलं की मधली आकृती एका सपाट रंगाची असते आणि बारीकसारीक सगळं तिच्याभोवती फिरतं, आकृती कितीही चित्रविचित्र असली तरी ती कुठे सुरू होते कुठे संपते ते लांबून कळतं. हे कळल्यावर मी आधी मधली आकृती एका रंगात भरून ठेवायला लागले आणि मग कागद भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायचं. तिथून ओळखू आली तरच पुढचं भरायचं. हादगा काढला, नवरात्रातलं धान्य पेरलेलं घट काढलं, आमच्या गावची यात्रा काढली, द्राक्षाच्या मांडवाखाली डबे खाणाऱ्या बायका काढल्या. तासगावकडचं असल्यावर द्राक्षं येणारच.

मग मला त्यांची ॲक्रेलिक शीटवरची उलटी चित्रं करून बघायची होती. माधवीबाईंनी पारदर्शक ॲक्रेलिकवर मागच्या बाजूनं रंगवून येशूच्या शेवटच्या जेवणाची मोठी चित्रं केलीत. ही पद्धत आपल्याकडे नवी नाही, अठराव्या शतकात चीनकडून काचेवरची चित्रं आली आणि इथले कारागीर ती करायला लागले, पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी काचचित्रं आहेत, जाऊन जरूर बघा, मी नुसती त्यासाठी गेले होते. काचेपेक्षा ॲक्रेलिक हलकं, फुटत नाही, म्हणून सोयीचं. नव्या शीटचा खर्च परवडणारा नव्हता पण साइनबोर्ड करणाऱ्यांकडे कापून उरलेले तुकडे असतात, ते अगदी कमी पैशात देतात. माझी सगळी छोटी चित्रं त्या तुकड्यांवर झालीत.

आता ही पद्धत नीट सांगते. शीटला दोन्ही बाजूंनी फिल्म चिकटवलेली असते, ज्या बाजूनं रंगवायचं तिकडचीच काढायची, समोरची शेवटपर्यंत राहू द्यायची म्हणजे चरे पडत नाहीत. पण मग रंगवताना पुढून कसं दिसतंय ते फिल्ममुळे कळत नाही, तर मी फिल्मचा एक कोपरा सोडवून ठेवते आणि अधूनमधून उचलून बघते. शीट पुसायला थिनर किंवा स्पिरिट अजिबात नको, बारीक तडे जातात, ओलसर सुती कापड पुरे. आणि क्रम सगळा उलटा. कागदावर आपण आधी मागचा रंग देतो मग चेहरा मग डोळे. इथे जे सगळ्यात पुढे दिसायचं ते सगळ्यात आधी. डोळ्यातला चमकता ठिपका पहिला, मग बुबुळ, मग डोळ्याचा पांढरा भाग, मग कुंकू, नथ, दागिने, मग चेहऱ्याचा रंग, मग साडीवरची नक्षी, मग साडी, आणि पार्श्वभूमी शेवटी. एकदा चेहऱ्याचा रंग दिला की डोळ्याला हात लावता येत नाही, तो रंगाखाली कायमचा बंद झाला. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा, ओल्यावर दुसरा रंग दिला तर खालची रेघ उचलून येते. पावसाळ्यात आमच्याकडे एकेक थर वाळायला फार वेळ लागतो, तेव्हा मी एका वेळी तीन-चार तुकडे मांडून बसते, एक वाळेपर्यंत दुसरा.

डावं-उजवं सुद्धा उलटं होतं. म्हणून मी पहिल्यांदा विठ्ठल घेतला. दोन्ही हात कमरेवर, दोन्ही पाय विटेवर सरळ, डावं-उजवं बदललं तरी तो तसाच राहतो. मग हात बसल्यावर घोड्यावरचा खंडोबा घेतला, त्याला तलवार उजव्या हातातच हवी, तर आधी कागदावर पूर्ण चित्र काढून तो कागद पालथा करून खिडकीच्या काचेला लावायचा, उजेडात पलीकडची रेघ दिसते ती गिरवून घ्यायची आणि मग तो कागद बाजूला ठेवून, बघून बघून शीटवर काढायचं. सही पण उलट्या अक्षरात, आणि तीही सगळ्यात आधी. या सगळ्यात डोकं फार लावावं लागतं पण समोरची फिल्म सोलून शीट उभी केली की रंग जो दिसतो ना, गुळगुळीत, ओला असल्यासारखा, त्याला तोड नाही.

प्रदर्शनाचा अनुभव थोडक्यात सांगते. ठाणे जिल्ह्यातल्या एका ग्रुप शोसाठी फॉर्म भरला. चित्राचा फोटो सरळ समोरून, सावली न पडता, चित्राचा साइज इंचात, माध्यम, वर्ष, किंमत, हे सगळीकडे लागतं तेव्हा प्रत्येक चित्र पूर्ण झालं की लगेच एका वहीत लिहून ठेवा. ॲक्रेलिक शीटचा फोटो काढताना आपलंच प्रतिबिंब येतं, आपल्यापुढे काळी चादर धरून फक्त कॅमेरा बाहेर ठेवायचा, मग येत नाही. फॉर्ममध्ये शिक्षणाचा रकाना होता, तिथे मी बी.कॉम. लिहिलं. आयोजकांचा फोन आला की मॅडम तुमचं शिक्षण कलेचं नाही, शैली पण तशी गावाकडची आहे, आपण तुमची चित्रं लोककला विभागात घेऊ. मी नाही म्हटलं. मला त्याचं वाईट वाटलं असं नाही पण ते चुकीचं होतं म्हणून. लोककला म्हणजे एका समाजाची कला. वारल्यांचं चित्र बघा, लग्नाच्या वेळी सवाशिणी तांदळाच्या पिठानं भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते, त्याला विधी आहे, नियम आहेत, ते त्यांचं सगळ्यांचं मिळून आहे. माझ्या चित्रातली द्राक्षाच्या मांडवाखालची बाई ही माझ्या एकटीच्या डोक्यातली आहे, ती चुकली तर माझी, जमली तर माझी. ती लोककला म्हणून लावली तर वारल्यांवर पण अन्याय आणि माझ्यावर पण.

आणि त्यांना मी माधवीबाईंचंच उदाहरण दिलं. १९८७ ते १९८९ मध्ये ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ नावाचं चार बायकांचं प्रदर्शन देशात ठिकठिकाणी फिरलं. नलिनी मलानी, अर्पिता सिंग, नीलिमा शेख आणि माधवी पारेख. नलिनीताई जे.जे.च्या, अर्पिताताई दिल्लीला शिकलेल्या, नीलिमाताई बडोद्याच्या, तिघी कलामहाविद्यालयातून आलेल्या, चौथीकडे कसलीच पदवी नाही. तरी चौघी एका भिंतीवर, एकाच मानानं. कुणी असं म्हटलं नाही की हिची चित्रं वेगळ्या खोलीत लावा. खेड्यातली आहे, भरतकाम-रांगोळी दिसते म्हणून माधवीबाईंना साधंभोळं, निरागस वगैरे म्हणणारे पुष्कळ आहेत, मला ते अजिबात पटत नाही. पन्नास-साठ वर्षं रोज विचार करून, घर-मुली सांभाळून काम करणाऱ्या बाईला निरागस म्हणायचं म्हणजे तिची मेहनतच मोजायची नाही. फोनवरच्या त्या गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतलं हे सांगायला हवं. दोन दिवसांनी निरोप आला की चित्रं सर्वसाधारण विभागात घेतलीत.

किंमत ठरवताना फार अडलं. सगळे चौरस इंचावर दर लावतात, पण माझ्या छोट्या चित्राला मोठ्यापेक्षा जास्त वेळ लागलेला असतो, नुसत्या इंचावर हिशेब बसेना. शेवटी साहित्य, फ्रेम, आणि वेळेचे ठरावीक पैसे असं धरून आकडा काढला आणि ह्यांनी सांगितलं की यातून एक रुपया कमी करू नकोस, कुणी विचारलं तर मागे उभा राहून मी सांगतो. विठ्ठल पहिल्याच दिवशी गेला. घेणाऱ्या बाई वयस्कर होत्या, त्यांनी शीट फिरवून मागची बाजू बघितली, तिथे सगळा नुसता सपाट रंग, मग परत पुढे बघितलं आणि मला विचारलं की डोळे कधी काढले. मी म्हटलं सगळ्यात आधी. त्या दोनदा "सगळ्यात आधी?" म्हणाल्या आणि पैसे काढले. सासूबाई उद्घाटनाला आल्या होत्या, हादग्याच्या चित्रापुढे उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना हत्तीभोवती फेर कसा धरतात ते सांगत होत्या, माझ्यापेक्षा जास्त माणसं त्यांच्याभोवती जमली होती.

आता पुढचं काम मोठं घेतलंय. चैत्रांगण, पूर्ण, चार फुटी शीटवर, मागून रंगवून. तुकडे पुरणार नाहीत म्हणून नवीन शीट घ्यावी लागणार, तिसऱ्या मजल्यावर जिन्यातून ती वर कशी न्यायची ते ह्यांनी टेप घेऊन मोजून ठेवलंय. आजीच्या चौकटीत काय काय होतं ते गावाकडच्या काकूंना, मावशीला फोन करून लिहून घेतेय, प्रत्येकीचं वेगळं निघतं. मावशी म्हणते कासव तुळशीच्या समोरच हवं, काकू म्हणते आमच्याकडे खालच्या कोपऱ्यात. चित्र पूर्ण झालं की बॉम्बे आर्ट सोसायटीच्या वार्षिक प्रदर्शनाला पाठवायचा विचार आहे, १८८८ पासूनची संस्था आहे, घेतील न घेतील ते पुढे बघू. आधी कासव कुठे बसवायचं ते ठरायचंय, कारण बारीक कामातलं ते पहिलं आहे आणि एकदा त्याच्या पाठीवर हिरवा रंग चढला की जागा बदलता येणार नाही.